तिचा नंबर तिच्याच नावावर हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) काळात ‘ओटीपी येत नाही’, ‘साइट उघडत नाही’, ‘हप्ता थांबला’ अशा बातम्या रोज छापून येत होत्या. साइटवर टीका झाली आणि ती रास्त होती. पण गावोगावी कित्येक बायकांची गाडी साइटच्या आधीच अडली होती. त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर त्यांचा नव्हताच. तो नवऱ्याचा होता, दिराचा होता, सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराचा होता, नाहीतर कधीच बंद पडलेल्या एखाद्या सिमकार्डाचा होता. बचत गटांमधल्या बायकांना मोबाइल, बँक आणि यूपीआयचे व्यवहार शिकवणं हे आमचं काम. महिलांच्या डिजिटल साक्षरतेवर सरकार, बँका आणि संस्था पैसा खर्च करतात, तो ॲप शिकवण्यावर करतात. ज्या नंबरावर ते ॲप चालायचं तो नंबर कुणाचा, हे कुणी विचारत नाही. त्या एका प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

आधी दोन पाहण्यांचे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ३८ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांमध्ये हेच प्रमाण ६१.५ टक्के होतं. स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५५ टक्के बायकांकडे होता. आता २०२५ च्या सुरुवातीला राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या पाहणीत देशातल्या ८५.५ टक्के घरांत निदान एक तरी स्मार्टफोन असल्याचं दिसलं. हा दुसऱ्या पाहणीतला आकडा पुढे करून ‘आता सगळ्यांकडे फोन आहेत’ असं सांगितलं जातं. घरात फोन असणं आणि बाईच्या हाती फोन असणं यात मोठं अंतर आहे. हाती फोन असला तरी त्यातलं कार्ड कुणाच्या नावावर आहे, हे कुठल्याच पाहणीत धड विचारलेलं नसतं.

नंबर तिचा का नसतो, याची कारणं साधी आहेत. कार्ड घ्यायला दुकानात पुरुष जातो आणि स्वतःच्या आधारवर, स्वतःच्या बोटावर दोन कार्डं घेऊन येतो. एक त्याच्या फोनमध्ये जातं, एक बायकोच्या. आधार नोंदणीची शिबिरं झाली तेव्हा रांगेत जो नंबर आठवला तो लिहिला गेला. माहेरी भावाच्या नावावरचं कार्ड होतं, लग्नानंतर ते सुटलं आणि सासरचं आलं. मध्येच फुकट कार्डांचा काळ येऊन गेला, त्यात कुणाचा नंबर कधी बदलला याचा हिशेबच राहिला नाही. रिचार्ज न केलेलं, ९० दिवस न वापरलेलं कार्ड कंपनी बंद करू शकते आणि पुढे काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला जातो. मग बाईच्या खात्यातल्या जमा-खर्चाचे एसएमएस भलत्याच माणसाच्या फोनवर वाजत राहतात आणि तिला पत्ताही नसतो.

हे दुरुस्त करायला फार काही लागत नाही, पण क्रम पाळावा लागतो. आधी कार्ड कुणाच्या नावावर आहे ते पाहावं. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर नंबर टाकून ओटीपी दिला की त्याच माणसाच्या नावावर किती आणि कोणते नंबर आहेत त्याची यादी दिसते. आपला नंबर नवऱ्याच्या यादीत निघाला, तर दोघांनी आपापलं आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जावं आणि नंबर नावावर करून घ्यावा. ते जमण्यासारखं नसेल तर सरळ नवं कार्ड तिच्या आधारवर, तिच्या बोटावर घ्यावं. जुन्याच नंबराचं कार्ड बदलून घेतलं असेल तर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक टाळण्यासाठी हा नियम आहे. हे माहीत नसल्याने बायका त्याच दिवशी बँकेत जातात, ओटीपी येत नाही आणि कार्डच खराब आहे असं समजून परत दुकानात जातात.

त्यानंतर आधार. आधारमधला मोबाइल नंबर बदलायला कुठलंही कागदपत्र लागत नाही. आधार नंबर, बोटाचा ठसा आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये, एवढंच. याहून जास्त मागितले तर पावती मागावी आणि आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर तक्रार करावी. तालुक्याचं केंद्र लांब असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन घरी येऊनही हे काम करतात. गावच्या पोस्टात आधी विचारून ठेवलं तर दहा-पंधरा बायकांचं काम एका बैठकीत होतं. कापूस वेचून, भांडी घासून, विटा उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून ठसा उमटत नाही. अशा वेळी हात कोमट पाण्याने धुऊन पुसावेत, बोटं अगदी कोरडी ठेवू नयेत, अंगठ्याचा हट्ट न धरता बाकीची बोटं लावून पाहावीत. तरीही नाही जमलं तर डोळ्यांच्या बुबुळांवर ओळख पटवण्याची सोय नोंदणी केंद्रात असते. चालक आपण होऊन ती करत नाही, मागावी लागते.

नंबर दिला की लगेच बदलत नाही. थोड्या दिवसांत होतो, पण कधीकधी महिनाही लागतो. मिळालेल्या पावतीवरच्या क्रमांकावरून तो बदलला की नाही ते कळतं. बायका सोमवारी नंबर बदलून येतात आणि मंगळवारी अर्ज भरायला बसतात, तेव्हा ओटीपी जुन्याच नंबरावर जातो. योजनेची मुदत आठ दिवसांवर आली असताना घेतलेलं आधार शिबिर म्हणूनच वाया जातं.

सगळ्यात शेवटी बँक. शाखेत नंबर बदलण्याचा अर्ज आणि ओळखपत्र द्यावं. त्याच खेपेला आणखी एक गोष्ट विचारावी: सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी आधार याच खात्याला जोडलेलं आहे का? खात्याच्या केवायसीला आधारची झेरॉक्स दिलेली असणं वेगळं आणि सरकारी रक्कम ज्या खात्यात पडायची त्या यादीत खातं असणं वेगळं. ज्या बँकेने आधार शेवटी जोडलं, तिथे पैसे जातात. तीन बँकांत खाती असलेल्या बाईचा हप्ता चार वर्षं न उघडलेल्या खात्यात जमा होत राहतो आणि ती इकडे ‘आला नाही, आला नाही’ म्हणून अंगणवाडीत चकरा मारते.

आता ई-केवायसीबद्दल. १८ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने ती सक्तीची झाली. सुरुवातीची मुदत दोन महिन्यांची होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. लाभार्थी बाईच्या आधारचा ओटीपी, त्यानंतर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी, अशी रचना होती. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. नवरा ट्रकवर, पुण्याला कंपनीत नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात उसाच्या फडावर. मग तिने फोन करायचा, त्याने ओटीपी वाचून दाखवायचा, केंद्रातल्या माणसाने तो टाकायचा. आम्ही वर्गात पहिल्या दिवशी शिकवतो, ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही. सरकारी अर्ज भरताना मात्र तोच सांगितल्याशिवाय काम होत नाही. शिकवलेली सवय इथे मोडली जाते, आणि पुढच्या वेळी ‘योजनेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या माणसाला ओटीपी सांगताना तिला काही वावगं वाटत नाही. विधवा, परित्यक्ता, वडील हयात नसलेल्या बायका यांच्यासाठी वेगळी वाट करायला हवी होती, हे परिपत्रक निघण्याआधीच सुचायला हवं होतं. नांदायला न जाणाऱ्या बाईला तर ज्याच्याशी बोलणंच तुटलंय त्याच्याकडे ओटीपी मागायची वेळ आली.

त्याच अर्जात एक विधान होतं, की कुटुंबातला सदस्य सरकारी खात्यात कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाही. खाली होय किंवा नाही निवडायचं. ज्या बाईच्या घरात सरकारी नोकरी नाही तिने काय निवडायचं? बरोबर उत्तर ‘होय’. पण साधी बाई विचार करते, नोकरी आहे का? नाही. म्हणून ती ‘नाही’ दाबते आणि अपात्र ठरते. चांगल्या शिकलेल्या माणसांचाही इथे गोंधळ होतो. प्रश्न सरळ विचारला असता, ‘तुमच्या घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का?’, तर पुढचे हेलपाटे वाचले असते. अर्ज जाहीर करण्याआधी दहा गावांतल्या वीस-वीस बायकांकडून तो भरून घेतला असता तर ही चूक पहिल्या तासात दिसली असती.

हाच अडसर पोषण आहारातही आहे. अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी १ जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. त्यासाठी आधी आईची ई-केवायसी, म्हणजे पुन्हा आधारच्या नंबरावर ओटीपी. फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर, अंगणवाडी दुपारपर्यंतच उघडी. सेविकेला रोज तेच सांगावं लागतं: ताई, उद्या मालकांचा फोन घेऊन या. गरोदर बाईने एका ओटीपीसाठी तीन वेळा यायचं, हे कुणाच्या हिताचं आहे?

सेवा केंद्रांतली एक सवय तातडीने बंद व्हायला हवी. बाईकडे चालू नंबर नसला की केंद्रचालक स्वतःचाच नंबर अर्जात टाकतो. त्याच्या दृष्टीने ती मदतच असते, ओटीपी पटकन मिळतो, रांग सरकते. पण त्या क्षणापासून बाईच्या अर्जाची किल्ली त्याच्याकडे जाते. अर्ज नामंजूर झाल्याचा निरोप त्याला येतो, दुरुस्ती त्याच्याशिवाय होत नाही, आणि तो केंद्र बंद करून गेला तर सगळंच खुंटतं. एकच मोबाइल नंबर तीनपेक्षा जास्त अर्जांत आला तर पोर्टलने तो स्वीकारू नये. मोबाइल नंबराची अशी अट प्रणालीत घालणं अवघड नाही. अर्ज भरून झाल्यावर प्रत्येक बाईने पावतीवरचा मोबाइल नंबर स्वतः वाचून पाहावा, अंक वाचता येणाऱ्या कुठल्याही बाईला ते जमतं.

स्वतःचा नंबर ठेवायचा तर त्याला खर्च येतो. २०२४ च्या जुलैमध्ये कंपन्यांनी दर वाढवले. वैधता संपली की आधी जाणारे कॉल बंद होतात, मग काही दिवसांनी येणारे कॉल आणि एसएमएसही. ‘ओटीपी येत नाही’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा एवढंच कारण निघतं. नेट नको असलेल्यांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीला फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आले. ते तेव्हा ८४ दिवसांना साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे रुपयांना होते. साधा फोन वापरणाऱ्या बाईला तेवढं पुरतं. दुकानदार मात्र ते आपण होऊन सांगत नाही, नेटचाच प्लॅन मारून देतो. शेतमजुरी करणाऱ्या बाईला एकदम साडेचारशे काढणं सोपं नाही. काही गटांत रिचार्जसाठी अंतर्गत कर्जातून उचल देतात आणि तीन हप्त्यांत फेडून घेतात. ही पद्धत सगळीकडे चालवण्यासारखी आहे.

स्मार्टफोन नसला तरी यूपीआय चालतं, हे अजून फार थोड्यांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ ला साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ सुरू केलं. नंबर लावायचा, भाषा निवडायची, सांगितलेली बटणं दाबत जायचं. एका वेळी दहा हजारांपर्यंत पैसे जातात, नेट लागत नाही. बँक शाखांत याचं साधं पोस्टरही नसतं.

स्मार्टफोनवर यूपीआय सुरू करताना नेमकं काय बिघडतं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण वर्गात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. ॲप सुरू करताना फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवतो आणि तो बँकेत नोंदलेल्या नंबरावरूनच जावा लागतो. म्हणजे ते कार्ड याच फोनमध्ये हवं, त्यावर एसएमएस पाठवण्यापुरती शिल्लक हवी, दोन कार्डांच्या फोनमध्ये योग्य कार्ड निवडायला हवं. फोन तिचा आणि बँकेतला नंबर नवऱ्याच्या फोनमधल्या कार्डाचा असेल तर दहा वेळा प्रयत्न केला तरी होणार नाही. पुढची पायरी पिन. त्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीची तारीख लागते. जनधन खात्याचं रुपे कार्ड ट्रंकेत पडून असतं, ते काढून पाहिलं तर मुदत संपलेली. मग कार्डाऐवजी आधारच्या ओटीपीवरही पिन करता येतो, पण आधारला आणि बँकेला एकच नंबर असेल तरच. पुन्हा गाडी येते ती नंबरावरच. पिन झाल्यावर पहिले २४ तास पाच हजारांच्या वर रक्कम जात नाही. पहिल्याच दिवशी खताच्या दुकानात आठ हजार द्यायला गेलेली बाई ‘माझं ॲप चालत नाही’ म्हणून कायमची मागे फिरते. ही मर्यादा आधी सांगून ठेवली की तसं होत नाही.

पहिला व्यवहार एक रुपयाचा करावा. दहाजणी गोल बसतात, प्रत्येकीने शेजारणीला एक रुपया पाठवायचा. फेरी पूर्ण झाली की सगळ्यांची शिल्लक पहिल्याइतकीच. या एका खेळात पाठवणं, घेणं, नाव तपासणं, शिल्लक पाहणं चारही गोष्टी येतात. प्रत्येकीने वहीत तारीख, कुणाला दिले आणि व्यवहाराच्या बारा अंकी क्रमांकातले शेवटचे चार अंक लिहायचे. पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. फोन नंबर चुकीचा दाबला तर नाव वेगळं दिसतं, तिथेच थांबता येतं. पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नये. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले असतील तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांपर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असं रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक आहे.

गटाच्या खात्याबद्दल एक सूचना. हे खातं दोघींच्या किंवा तिघींच्या सह्यांनी चालतं, म्हणून त्याला साधं यूपीआय जोडता येत नाही. मग सगळ्यांची बचत अध्यक्षबाईंच्या खासगी खात्यावर जमा होते आणि वर्षअखेरीला हिशेब जुळत नाही, मनं दुखावतात. बँक सखीकडे, म्हणजे गावातच बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या ताईकडे, दोन सदस्यांच्या ठशांनी गटाचा व्यवहार करण्याची सोय आहे, ती वापरावी. ठशाने पैसे काढताना मशीनची छापील पावती घेतल्याशिवाय उठू नये. वापर नसेल तेव्हा आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवता येतं. तेही अर्थात नोंदलेला नंबर जवळ असेल तरच.

फसवणुकीचे प्रकार रोज बदलतात, सगळे पाठ करून घेण्यात अर्थ नाही. दोन पक्क्या गोष्टी पुरतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणारच. दुसरं, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर ती लग्नपत्रिका नाही, दंडाची पावती नाही आणि योजनेचा अर्जही नाही. ते ॲप आहे, आणि ते आत शिरलं की एसएमएस परस्पर वाचून ओटीपी पळवू शकतं. फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करण्याची’ परवानगी बंद ठेवावी, आणि व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणंही बंद करावं. त्याने मेमरीही भरत नाही, फोन अडखळत नाही.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि तो बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवावा. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते. बँकेत तक्रार नोंदवल्यानंतरही पैसे गेले तर ती जबाबदारी बँकेची असते आणि बाईची काही चूक नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यावर तिला भुर्दंड बसत नाही. पण बायका कळवत नाहीत. घरात समजलं तर फोनच काढून घेतील, ही भीती असते आणि ती खरी असते. पाचशे रुपये गेले म्हणून फोन गेला, फोन गेला म्हणून नंबर गेला, गटाची जबाबदारीही गेली. म्हणून प्रशिक्षणाचा एक तास घरातल्या माणसांसाठी हवा. नवरा, सासू, मोठा मुलगा यांना बसवून सांगावं की फसवणूक शिकलेल्या नोकरदार पुरुषांचीही होते, त्यांचा फोन कुणी काढून घेत नाही.

प्रशिक्षणाच्या पद्धतीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. २०१७ ते मार्च २०२४ पर्यंत चाललेल्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात घरटी एक माणूस, २० तासांचा अभ्यासक्रम आणि शेवटी ऑनलाइन परीक्षा अशी आखणी होती. सहा कोटींचं उद्दिष्ट कागदावर ओलांडलं गेलं. पण घरटी एकच म्हटलं की त्या एकात बाईच असेल याची खात्री काय? आणि प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी किती जणी सहा महिन्यांनी स्वतःच्या हाताने पैसे पाठवत होत्या? टिकणारं शिक्षण लहान गटात होतं. एका वर्गाला आठ-दहाजणी, प्रत्येकीचा स्वतःचा फोन, दीड-दोन तास, दुपारी दोनच्या पुढे. सोयाबीनच्या काढणीत आणि कापसाच्या वेचणीत वर्ग लावूच नयेत. पहिल्या दिवशी फोनची भाषा मराठी करणं, अक्षर मोठं करणं आणि बोलून मराठी टाइप करणं शिकवावं. लिहायला बिचकणारी बाई माइकचं बटण दाबून बोलू लागली की तिची भीड मोडते. प्रशिक्षिकेने शिकणारीच्या फोनला हात लावायचा नाही, हा आमचा सगळ्यात कडक नियम. ‘द्या ताई, मी करून देते’ म्हटलं की काम होतं, पण तिला येत काहीच नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा बैठक घ्यावी, कारण पिन विसरलेला असतो, ॲप उडालेलं असतं, फोन मुलाच्या हातात गेलेला असतो.

शिकवणाऱ्याही बायकाच हव्यात, आणि त्या कामाचा मोबदला हवा. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. मेमरी अपुरी, दुरुस्तीचा खर्च पदरचा आणि ॲप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. सरकारने हे लक्षात ठेवायला हवं. आज ई-केवायसी, चेहऱ्याची ओळख, गृहभेटी, अर्जांची दुरुस्ती हे सगळं सेविका, आशा आणि बचत गटांचं काम पाहणाऱ्या सीआरपी ताईंच्या अंगावर पडतं आणि बऱ्याच वेळा त्यांच्याच रिचार्जवर चालतं.

सरकारकडून आमच्या मागण्या अवघड नाहीत. ओटीपीवर चालणाऱ्या प्रत्येक योजनेत अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीत ठसा, बुबुळ वा चेहऱ्यावर ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग पहिल्या दिवसापासून द्यावा. पात्रतेसाठी नवऱ्याची माहिती हवी असेल तर ती सरकारी नोंदींतून तपासावी, त्याच्या फोनवर बाईचा हक्क टांगू नये. बचत गटांसाठीच्या सरकारच्या उमेद अभियानात आणि इतर प्रशिक्षणांत किती प्रमाणपत्रं वाटली हे मोजण्याऐवजी तीन गोष्टी मोजाव्यात: कार्ड तिच्या नावावर आहे का, तोच नंबर आधारला आणि बँकेला आहे का, आणि गेल्या महिन्यात तिने स्वतः एक तरी व्यवहार केला का. आणि नंबर दुरुस्तीची आधार शिबिरं गावात घ्यावीत. आधार नोंदणीच्या एका यंत्रसंचावर (किटवर) दिवसाला साधारण तीस-पस्तीसजणींचं काम होतं, म्हणजे मध्यम गावाला आठवडाभर किट ठेवावं लागेल. बीड, जालना, अहिल्यानगरच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या मागेपुढे गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात, जिथे फोन चार्ज करायलाही दुकान शोधावं लागतं. ३१ डिसेंबरच्या मुदतीचा त्यांना काही उपयोग नसतो. त्यांच्या गावांतली शिबिरं सप्टेंबरअखेर पूर्ण झालेली हवीत.

आपल्या,
बचत गटांना डिजिटल व्यवहार शिकवणाऱ्या प्रशिक्षिका
मराठवाडा